वाल सोलता सोलता

बायको गेल्यावर मी दुपारी दार लावून पडून राहायचो. त्या दिवसांत आमच्या लालबागच्या चाळीत कॉलेजची एक मुलगी यायची. आईबाप कामावर असताना पोरं कुठे असतात, त्यांना कोण बघतं, हे तिला पोरांकडूनच लिहून घ्यायचं होतं. छापील कागद घेऊन रविवारी घरोघर फिरली आणि माझ्या दाराबाहेर जिन्यावर तोंड पाडून बसली.

"आजोबा, सगळ्यांचं उत्तर एकच. शाळेतून येतो, जेवतो, अभ्यास करतो. मॅडम हे घेणार नाहीत. सगळं पुन्हा करावं लागणार."

"आई डोक्यावर उभी असताना पोर दुसरं काय सांगणार? शिकलीस ना तू?"

मी सातवी नापास, जन्म शिवडीच्या गोदामात गेला. पण पोरं कधी बोलतात ते ठाऊक होतं. आमची ही दुपारी त्यांना मोडाचे वाल सोलायला बसवायची. हात गुंतले की तोंडं सुटायची.

म्हटलं, "बुधवारी ये, वालांना मोड येऊ देत. आणि वही लपव."

"चोरून नाही लिहिणार, आजोबा. जो नको म्हणेल त्याचं लिहायचं नाही."

"मग झालाच तुझा अभ्यास."

बुधवारी दार उघडलं, मधे परात ठेवली. सहा पोरं आली. आयांना तिने आधीच विचारलं होतं, आता पोरांनाही विचारलं. एक पोरगी म्हणाली, "माझं नाय लिहायचं."

"बरं," कॉलेजवाली म्हणाली, "तू नुसती सोल."

वाटलं, बाकीचीही आता गप्प. झालं उलटंच. नाही म्हटलेलं चालतं हे बघून सगळी मोकळी झाली. कोणी गच्चीवर असतो, कोणी किल्ली मिळेपर्यंत जिन्यात बसतो.

"आधी आम्ही आजीकडे यायचो," एक बारका म्हणाला.

"मग आता का येत नाय रे?" मी विचारलं.

"तुम्ही दार लावता ना. आम्हाला वाटलं रागावलात."

माझ्या बोटांतून वाल सटकला. तो शोधायला मी बराच वेळ खाली वाकून राहिलो.

मॅडमनी काम घेतलं. गप्पा कशा केल्या त्या रकान्यात मुलीने 'वाल सोलताना' असंच लिहिलं, मला दाखवलं.

आता दुपारी दार उघडं असतं. पोरं निम्मे वाल मोडतात, ही असती तर ओरडली असती. ती नको म्हणणारी पोरगी सगळ्यांत जास्त बोलते. काय बोलते ते मीही लिहिणार नाही.