फोनवर बसलेले डॉक्टरभाऊ

डॉक्टरभाऊंइतकं शांतपणे थांबता येणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. दिवेलागणीच्या सुमारास ते ओट्यावर येऊन बसत, मोबाइलचा स्पीकर चालू करून तो पायरीवर ठेवत, आणि त्यातून एकच एक पियानो वाजत राही. मधूनच एक बाई इंग्रजीत सांगे, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तोवर भाऊ बांगडे साफ करत, नारळ सोलत, कधी नुसतेच खाडीकडे बघत बसत.

एकदा माझ्या नवऱ्याने विचारलंच, "भाऊ, दुसरा गाणा नाय तुमच्याकडे?"

"गाणा न्हय रे ता. अमेरिकेतली विमा कंपनी माका थांबवन ठेवता. थकान मी फोन ठेवीन म्हणान वाट बघता."

"मगे?"

"मी ठेवणंय नाय."

मालवणहून देवबागकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची वाडी आहे. मी हायस्कुलात मराठी शिकवते, नवरा पर्यटकांची होडी चालवतो. शेजारचं घर भाऊंचं. त्यांचे वडील रापणीवर, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, जायचे. भाऊ मात्र शिकले, अमेरिकेत गेले, तिथे हृदयाचे डॉक्टर म्हणून तीसेक वर्षं राहिले आणि म्हातारपणी एकटेच परत आले. आता वाडीत दवाखाना होणार म्हणून सगळे खूश होते. पण भाऊंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "हयचो परवानो नाय माझ्याकडे." आलेल्याला ते आरोग्य केंद्रात पाठवत. "सुई टोचणा नाय तो डॉक्टर कसलो?" असं बायका म्हणू लागल्या आणि हळूहळू त्यांच्याकडे येणं-जाणं थांबलं. बरोबरीचे मित्र कोणी मुंबईला, कोणी देवाघरी. जत्रेत ते गर्दीच्या कडेला उभे असत. मी विचारलं तर म्हणाले, "माका 'अरे' म्हणणारो कोणच रवलो नाय गो सुमन."

आपली संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ; तेव्हाचे हे फोन कशासाठी, हे त्यांनी आम्हाला एकदा समजावून सांगितलं. तिकडे डॉक्टरने औषध लिहून भागत नाही, विमा कंपनीची आधी परवानगी लागते. ती मिळाली नाही, तर औषधाची किंमत अशी की चांगला कमावता माणूस घर विकायला काढतो. भाऊंचे जुने सहकारी असे अडलेले रोगी त्यांना कळवत. रोग्याच्या संमतीने भाऊ त्याच्या वतीने कंपनीशी भांडत. शिवाय तिथल्या काही डॉक्टरांनी हा कायदाच बदलावा म्हणून मोहीम उघडली होती, त्यांच्यासाठी भाऊ मसुदे लिहीत. माझ्या नवऱ्याला हे सगळं थट्टेसारखं वाटलं. "डॉक्टरान लिवला आणि कंपनी 'नको' म्हणता? तेंका काय कळता?"

"ताच मी विचारतंय," भाऊ म्हणाले. "'नाय' म्हणणाऱ्याचा नाव विचारूचा, आणि तो काय शिकलो ता विचारूचा. अर्धे थयच गप होतत."

त्याचा अर्थ मला कळला तो पुढच्या वर्षी. नवऱ्याच्या छातीत दुखू लागलं, कणकवलीच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. ताबडतोब ऑपरेशन करा म्हणाले. आमचा विमा होता, पण कंपनीने कळवलं की आजार जुना आहे आणि तुम्ही तो लपवलात. मी भाऊंना फोन केला. ते लुंगी बदलून लगेच रिक्षाने आले. कॉरिडॉरमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी कंपनीला फोन लावला. तिथे त्यांचं मराठी एकदम पुस्तकी झालं.

"आपलं नाव सांगता का? आपण डॉक्टर आहात? नाही? मग रिपोर्ट कोणी वाचला? त्यांना फोन द्या. मी थांबतो."

आणि ते थांबले. दुपार गेली, चहावाला दोनदा येऊन गेला. मी शेजारी बसून रडत होते. माझं रडणं थांबावं म्हणून असेल, पण त्या दिवशी भाऊंनी स्वतःचं सांगितलं.

मार्था नावाची त्यांची एक रोगी होती, शाळेची बस चालवणारी. तिचं औषध कंपनीने अडवलं. अडवणारा डॉक्टर डोळ्यांचा होता. भाऊ फोनवर भांडत राहिले. मंजुरी आली त्या दिवशी मार्थाला पुरत होते. मग भाऊ तिथल्या विधिमंडळाच्या समितीपुढे गेले आणि सगळं सांगितलं. पेपरात छापून आलं. ज्या मोठ्या हॉस्पिटलात ते नोकरीला होते, तिथून निरोप आला की गप्प बसा. भाऊ पुन्हा बोलले. नोकरी गेली.

"तिकडे नोकरी गेली की घरच्यांचो विमोय जाता," ते म्हणाले. "आणि बायको आजारी. तिणा मगे दुसऱ्या राज्यात नोकरी धरल्यान, विम्यासाठी. आमचा चेडू रेवा शाळेत होता, तेकाय घेऊन गेली. वर्षभरासाठी म्हणान गेली होती."

"मगे?"

"मगे काय. त्या दुखण्यात ती थयच वारली. चेडवान माका इतक्याच विचारल्यान, 'बाबा, तुमका गप बसाक काय झाला होता?'"

तेवढ्यात फोनवर कोणी तरी बोलू लागलं. भाऊ ताठ बसले, ईसीजी, जुने रिपोर्ट, सगळं एकेक करून सांगत गेले. संध्याकाळी मंजुरी आली. नवरा आज होडी चालवतो आहे तो त्यामुळे. मी भाऊंच्या पाया पडायला वाकले, तर ते म्हणाले, "आधी काय तरी खा गो."

त्यानंतर वाडीतले लोक विम्याचे, सरकारी योजनेचे कागद घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. काम होईपर्यंत ओटा भरलेला असे. काम झालं की पुन्हा ते आणि पायरीवरचा फोन. मी कधी कधी जाऊन बसे. पण कलम, दुरुस्ती, समितीतलं मतदान, यातलं मला काय कळणार? मी मान हलवत असे आणि ते माझ्या मान हलवण्यावर समाधान मानत.

एका सकाळी मी घावणे घालत होते. भाऊ मागच्या दाराशी येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली.

"झालो," म्हणाले. "कायदो झालो."

आम्ही त्यांना बसवलं. नवऱ्याने विचारलं, नक्की काय झालं? भाऊंनी सांगितलं की त्या एका राज्यात आता कंपनीला ठरल्या मुदतीत उत्तर द्यावं लागेल, आणि नाही म्हणायचं तर त्याच आजारातल्या डॉक्टरने म्हणावं लागेल.

"इतक्याच?" नवरा म्हणाला.

"इतक्याच रे." भाऊ हसले. मग पुढ्यातल्या घावण्याकडे बघत बसले. "मार्थाक सांगूक व्हया होता," म्हणाले, आणि न खाताच उठले.

त्यानंतर फोन कमी होत गेले. तिकडच्या डॉक्टरांची नवी पिढी आपापलं बघू लागली असावी. पावसाळा सरता सरता एका दुपारी भाऊ खुर्चीतच गेले. शेजारी म्हणून मीच आधी पाहिलं.

मुलगी रेवा आली तेव्हा दहन होऊन गेलं होतं. तिच्यासाठी थांबणं शक्य नव्हतं. उंच, केस कापलेली, वडिलांसारखं कपाळ. चार दिवस ती त्या घरात कपडे आवरत, भांडी आवरत हिंडली. रडताना मी तिला पाहिलं नाही. जायच्या आदल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "काकी, बाबा माझ्याबद्दल काय बोलायचे?"

खोटं सांगावं असं एकदा मनात आलं. पण भाऊंच्या मुलीशी खोटं बोलवेना.

"फारसं काही नाही गं," मी म्हटलं. "तू त्यांना काय विचारलं होतंस, तेवढं एकदा सांगितलं. पुन्हा कधीच काही बोलले नाहीत."

तिने मान हलवली, जणू तिला ते ठाऊकच होतं. मग मला आठवलं ते मी सांगितलं. "पण संध्याकाळी मी चहा घेऊन गेले की ते आधी घड्याळ बघायचे. रोज. आणि स्वतःशीच एक वाक्य म्हणायचे."

"काय?"

"ती आता उठली असेल, असं काहीतरी."

"नाही. ते म्हणायचे तसं सांगा. त्यांच्या भाषेत."

"आता उठली असतली ती."

रेवाने ओठ हलवून ते म्हणून पाहिलं. "असतली" तिला जमेना. मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा म्हणाली. मग स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला डोकं टेकून ती रडू लागली, आणि मी गॅस बंद करून तिच्याजवळ बसले.