बेचाळीस नंबरचा जगदेव

इंझोरीच्या फाट्यावर देवमनचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची बंद पडलेली मोटर कोणी घेऊन आला, की देवमन आधी पान्याला हात लावत नाही. करंट देतो, डोळे मिटतो, ऐकतो.

"बेरिंग गेली तुही. वाइंडिंग चांगली हाये. कायले खोलून राह्यला?"

त्याची बायको सरिता म्हणते, "या मानसाचे कान तेवढे कामाचे. बाकी समदं भंगारात टाका."

याच कानांच्या भरवशावर तो तीस वर्षं बेंजो वाजवत आला आहे. बटणं दाबायची आणि तारा छेडायच्या, असं ते वाद्य. जयंतीची मिरवणूक, लग्न, नामकरण, देवमनचा बेंजो ठरलेला. पण आताचा बेंजो नुसता वाजवत नाहीत. त्याची वायर गिटारच्या प्रोसेसरमध्ये जाते. पाटाएवढी लोखंडी पेटी, वर पायाने दाबायची बटणं, उजव्या अंगाला खालीवर करून आवाज चढवायचा-सोडायचा पेडल, मधे बोटभर पडदा. परदेशातल्या मोठमोठ्या ॲम्प्लिफायरांच्या आवाजाच्या नकला त्या पेटीच्या पोटात भरलेल्या असतात. नॉब फिरवत फिरवत आपल्याला पाहिजे तो आवाज त्यातून घडवायचा आणि नंबर देऊन ठेवून द्यायचा. देवमनकडे सनई अकरा नंबरला होती, पुंगी सतराला.

आमच्याकडच्या पार्ट्यांची, म्हणजे वाजवणाऱ्या ताफ्यांची, एक रीत आहे. वाजवायला बसलं, की प्रोसेसरवर दुपट्टा टाकायचा. दुसऱ्या पार्टीवाल्याला नॉब कुठवर फिरवले ते दिसता कामा नये. भाऊ भावापासून झाकतो. देवमनने दुपट्टा कधी टाकला नाही. कोणी आवाज मागितला, की तो केबल लावून मोबाईलवर फाईल काढायचा आणि उभ्याउभ्या पाठवून द्यायचा.

"आवाजाचा का सातबारा असते बे? घे, नेय."

हे त्याला जगदेवने शिकवलं होतं.

जगदेव त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. कारंजाच्या एका जिनात, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायचा आणि सुटीच्या दिवशी क्लॅरिनेट वाजवायचा. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पोरपणी बँडवाल्यांच्या तंबूमागे बसून त्याने नुसतं ऐकलं होतं. म्हणून कोणी विचारलं, तर तो सारं सांगून टाकायचा. "फुकलेली हवा कोनाची असते?" असं म्हणायचा. जयंतीच्या दिवशी विहारासमोरून मिरवणूक हलायच्या आधी जगदेव एक चाल वाजवायचा. त्याचीच बांधलेली, चार ओळींची. ती संपल्यावर मग ढोल.

पुढे जिनातला कापूस छातीत गेला. चालीच्या तिसऱ्या ओळीत, ऐन मधोमध, त्याचा दम तुटायला लागला. तो थांबायचा, खांदे वर यायचे, मग उरलेली ओळ पुरी व्हायची. त्याची बायको बेबीताई बायांच्या घोळक्यातून तळहात खाली करून दाखवायची. दमानं घ्या. लोकांना वाटायचं, चालच तशी आहे.

सात वर्षांपूर्वी हिवाळ्यात जगदेव गेला. पोरगी साक्षी तेव्हा अकरावीत होती. दवाखान्यात तो तिला म्हणाला होता, "तू नवरी होऊन मांडवात येशीन ना, तवा मी वाजवीन. तवापर्यंत छाती सुधरते माही."

पुढच्या जयंतीला चाल कोण वाजवणार? गावात क्लॅरिनेट फुंकणारा दुसरा नव्हता. मोबाईलवर दोनचार व्हिडिओ होते, पण त्यात ढोलच ढोल. देवमनने ठरवलं, जगदेवचा आवाज पेटीतून काढायचा.

उरलेला सारा हिवाळा त्याने बेबीताईच्या अंगणात घातला. दुकान बंद केलं, की प्रोसेसर कॅरिअरला बांधून सायकल तिच्या दारात. एका ॲम्प्लिफायरची नक्कल घ्यायची, तिचा चरचरीतपणा कापायचा, तार छेडल्याचा टणत्कार ऐकू येऊ नये म्हणून आवाज हळू उगवायला लावायचा. बेबीताई तुरीच्या शेंगा सोलत बसायची.

"हा कोन हाये? कारंजाचा बँडवाला वाटते."

"आता पाहा बरं, वयनी."

"आता नाकातून वाजून राह्यला. त्याईचं नाक चोंदेल नवतं, छाती चोंदेल होती."

असे दोन महिने. एका संध्याकाळी देवमनने नॉब जरासा मागे घेतला, चाल धरली, आणि तिसऱ्या ओळीत आपसूक त्याच्या पायाने पेडल सोडला. आवाज तुटला. मग हळूच पुन्हा आला. बेबीताईच्या हातातली शेंग हातातच राहिली. ती उठून घरात गेली. बऱ्याच वेळाने चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "हाच."

देवमनने तो आवाज बेचाळीस नंबरला ठेवला. जगदेव मेला तेव्हा बावन्नचा होता, आणि बावन्न नंबरला आधीच नागपुरी ढोलकीचं काहीतरी होतं. ते पुसता आलं असतं, पण दुसऱ्या कोणाची तरी आठवण म्हणून ठेवलेलं होतं. म्हणून दहा वर्षं कमी केली. "दुखणं लागाच्या अगोदरचा जगदेव," तो सांगायचा.

दोन जयंत्या तशा झाल्या. मग कारंजाचा प्रसेनजित, तोही बेंजोवाला, आवाज ऐकून मागे लागला. देवमनने दिला. जगदेव असता तर त्यानेही दिलाच असता. प्रसेनजितने आणखी दोघांना पाठवला, त्यांनी ग्रुपवर टाकला. वर्षभरात जिल्ह्यातल्या निम्म्या पार्ट्यांच्या पेटीत जगदेव जाऊन बसला. देवमनला बरं वाटायचं. "वयनी, जगदेवदादा रिसोडले बी वाजून राह्यले आता," असं तो सांगून आला. बेबीताईने झाडू उचलला आणि अंगण झाडायला घेतलं.

मग ती वरात आली. दोन वर्षं झाली त्याला. बेबीताई भाकरी थापत होती. गल्लीच्या तोंडाशी क्लॅरिनेट वाजलं. तिने ओळखलं आणि उठली. हात पिठाचे, पायात चप्पल नाही, तशीच दारात आली. समोर जऊळक्याच्या हरीओमची पार्टी, कुठल्यातरी चावट गाण्याची चाल, आणि दारू प्यालेले पाचसहा जण रुमाल दातात धरून नागीण होऊन मातीत लोळत होते. जगदेव वाजत होता. तिसऱ्या ओळीत थांबत नव्हता, कुठेच थांबत नव्हता.

ती तशीच पिठाच्या हातांनी फाट्यावर आली.

"मेलेल्या मानसाले नाचोता काहो भाऊ तुमी?"

देवमनला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा म्हणाला, "वयनी, मीनं त फक्त देला. त्याईनं काय वाजवाव, हे माह्या हातात..."

"जिता होता तवा जिननं दमोला. आता तरी दम घेऊ द्या त्याले. पुसा तो आवाज. माह्यासमोर पुसा."

देवमनने प्रोसेसर बाहेर काढला. बेचाळीस नंबर आणला. बटण दाबून धरलं. पुसायचं का, असं पडद्यावर आलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही. त्याने हो केलं. मग मोबाईल काढून फाईलही काढून टाकली, तिला दाखवून. जयंतीची चाल त्या वर्षापासून बंद झाली. बेबीताई दुकानासमोरून जायची तर पलीकडच्या बाजूने.

यंदा साक्षीचं जमलं. ती कारंजाला नर्स आहे, मुलगा मंगरूळपीरचा. लग्नाला वीस दिवस असताना बेबीताई दुकानात आली आणि मोटरच्या खोक्यावर बसली.

"भाऊ, साक्षी मांडवात येईन तवा वाजवजा. त्याईनं शब्द देला होता तिले."

देवमनच्या हातातली तांब्याची तार सुटली. "वयनी, थो आवाज त आपुन पुसला."

"मले दाखवाले पुसला. ठेवला असंन तुमी कुठी."

"नाई."

"काहीच नाई?"

"तुमीच मनल्या, पुसा."

"मी रागात मनली, भाऊ." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "असी चीज कोनी खरंच पुसते काय?"

देवमनने सुटलेली तार उचलली. तो म्हणाला, "आनतो मी. ज्याईले देला त्याईच्याकडं असंन."

सरिता ओरडली. त्याला साखर आहे, उजव्या पायाचं एक बोट पावसाळ्यातच काढावं लागलं होतं, जखम अजून ओली. "पाय गेला त काय कानानं चालसान?" पण तो एसटीने गेला.

प्रसेनजितकडे आवाज होता. पण त्याने खाली जाड आवाजाची जोड दिली होती, पब्लिकला खर्ज लागतो म्हणून. जुने नॉब कुठे होते, त्याला आठवत नव्हतं, आणि ग्रुपवरची जुनी फाईल आता उघडत नव्हती. त्याच्याकडून घेणाऱ्याने घुमारा वाढवला होता. शेवटी देवमन जऊळक्याला हरीओमकडे गेला. हरीओमच्या पेटीत त्याचं नाव होतं 'शादी चार'.

"काका, थ्या दिवसी एक माय घरातून धावत आली, पीठ लागेल हातानं," हरीओम म्हणाला. "मले वाटलं, नाचाले आली. मी अजून जोरात वाजोलं." त्याने पेटी बंद केली. "कोन होती थे?"

"ज्याचा आवाज हाये, त्याची बायको."

हरीओमने पाणी आणायला म्हणून आत जाऊन बराच वेळ लावला. मग दोघं मिळून दुपारभर नॉब मागेपुढे करत बसले. देवमनने जिथे जिथे जुनं वाटलं तिथे थांबून ठेवून दिलं. असे चार आवाज झाले.

लग्नाला चार दिवस असताना त्याने ते बेबीताईच्या अंगणात वाजवले. एकामागून एक, चाल पुरी न करता, पहिलीच ओळ. बेबीताई डोळे मिटून बसली होती. साक्षी दाराच्या चौकटीला टेकून.

"पयला?"

"पुन्ना वाजवा."

त्याने पुन्हा वाजवला. चौथा झाला, मग परत पहिला. बेबीताईने डोळे उघडले तेव्हा त्यात पाणी नव्हतं, भीती होती.

"मले सांगता येत नाई, भाऊ. इतक्या वराती गेल्या दारावरून. कोनाचा कोनता, समदं मिसळलं. तुमीच सांगा, यातले कोनते होते ते?"

देवमनचे कान. मोटरची बेरिंग ओळखणारे. त्याने चारही आवाज पुन्हा एकदा लावून पाहिले.

"मले बी नाई आठवत, वयनी."

साक्षी आत निघून गेली.

लग्नाच्या दिवशी विहारासमोर मांडव होता. पांढरी साडी नेसून साक्षी आली तेव्हा देवमनने चारांपैकी दुसरा आवाज लावला. कोणता तरी लावायचाच होता. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. लोक मान डोलवत होते. तिसऱ्या ओळीच्या मधोमध त्याच्या एक बोट नसलेल्या पायाने पेडल सोडला. मांडवात एकदम सुनं झालं. साउंडवाला, वायर सुटली म्हणून, धावत आला. देवमनने त्याला मानेनेच थांबवलं. साक्षी चालता चालता उभी राहिली होती.

बायांच्या बाजूला बेबीताईचा हात वर आला. तळहात खाली करून तिने, कोणीच उभं नव्हतं त्या जागेकडे, दोनदा दाखवलं.

मग आवाज परत आला आणि ओळ पुरी झाली.

जेवणं उरकली, गाडी मंगरूळपीरकडे निघून गेली. देवमन वायरी गुंडाळत बसला होता. बेबीताई त्याच्यासाठी ताट घेऊन आली आणि बाजूला खाली बसली.

"आवाज नवता त्याईचा," ती म्हणाली.

"नवता."

"मी पुसा मनली नसती त..."

"मीनं पुसला नसता त."

मंडपवाला खुर्च्या रचत होता. मग तिने विचारलं, "थे मधात थांबनं, थे मशीनमदी असते काय?"

"नाई. थे पायानं करा लागते."

"मंग कोनाले पाठोता येत नाई ते."

"नाई येत."

बेबीताईने त्याच्या उजव्या पायाकडे पाहिलं. पट्टीवर मांडवातली माती लागली होती. तिने पदराच्या टोकाने ती झटकली.

"पायाले जपा, भाऊ," ती म्हणाली आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं.