माझ्या पत्रिकेतला मंगळ

तमाम वऱ्हाडास अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मंगळ हा ग्रह दगडमातीचा असून पृथ्वीच्या जेमतेम निम्म्या रुंदीचा आहे, आणि तरीही त्याने एकदा माझे लग्न जवळजवळ मोडीत काढले होते.

मी तेव्हा साखरखेर्ड्याच्या शाळेत नवा मास्तर होतो. बीबी गावच्या एका शेतकऱ्याची मुलगी पाहायला गेलो. तिने मान वर करून माझ्याकडे सरळ पाहिले आणि मी कामातून गेलो. सुपारी फोडायचा दिवस ठरला. तेवढ्यात मेहकरच्या जोशीबुवांनी माझ्या पत्रिकेत कडक मंगळ काढला. मुलीच्या पत्रिकेत तो नव्हता. मंगळ असलेल्याची बायको जगत नाही, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. ठरल्या दिवशी तिचा बाप आमच्या घरी आला, तो नकार घेऊनच. सोबत त्याची म्हातारी आत्या.

माझे वडील मुकाट्याने सुपारीचे ताट बाजूला सारू लागले. मी मात्र नागपूरहून शाळेसाठी आलेले भूगोलाचे पुस्तक काढले आणि भर बैठकीत उभा राहिलो. मंगळ सूर्यापासून चौथा. त्याचा दिवस आपल्याएवढाच, वर्ष मात्र जवळजवळ दुप्पट. इतक्या लांबचा तो कोरडा गोळा बीबीच्या मुलीचे काय वाकडे करणार, असे मी विचारले. बापाची मान जराशी डुलली. तिथेच थांबायचे की नाही? पण मास्तर कधी थांबला आहे! त्याला चंद्रही दोन आहेत, असे मी ठासून सांगितले.

बापाची डुलणारी मान थांबली.

"दोन?" बाप सावकाश म्हणाला. "म्हंजे एक गेली का दुसरी, अशी तजवीज वरतूनच करून ठेवली हाय म्हना."

त्याने पागोटे चढवले आणि उठला. वडील माझ्याकडे असे पाहत होते, की मंगळ परवडला. ती सरळ नजर आता दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जाणार होती.

इतका वेळ पान चघळत बसलेल्या आत्याने तेव्हा विचारले, की तो मंगळ दिसतो तांबडा, ते कशाने? माझा सगळा आवेश ओसरला होता. लोखंडाचा गंज असावा म्हणतात, एवढेच मी पुटपुटलो.

आत्याने भाच्याचे धोतर धरून त्याला खाली ओढले आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "अरे, गंजच हाय ना? मंग बस खाली. आपली पोरगी दर मिरगाच्या आंधी वखराची गंजेल लोखंडी पास घासून आरशावानी करते, हा तं नुसता मास्तर हाय."