साळोखेवहिनींची रविवारची लीग

सामना सुरू होण्याआधी साळोखेवहिनी अख्खं मैदान अनवाणी चालून काढत. फेब्रुवारीतसुद्धा. अराकावा नदीच्या बांधाखाली जी मैदानं आहेत, तिथलं गवत त्या दिवसांत दहिवराने पांढरं पडलेलं असे आणि वाऱ्याने कान बधिर होत. आम्ही खेळाडू अंगावर मिळेल ते चढवून जागच्या जागी उड्या मारत असू आणि या बाई सलवारीचे पाय वर खोचून, बूट हातात धरून, एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत सावकाश चालत. खडा लागला, काच लागली की वाकून उचलत आणि खिशात टाकत. बूट घालून तरी चाला, असं मी एकदा म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नवशिक्याकडे बघावं तसं पाहिलं.

"पडणारा काय बुटावर पडतोय व्हय, भावजी? ढोपरावर पडतोय."

मी मुंबईच्या एका बँकेतर्फे टोकियोला गेलो होतो. हिगाशी-कसाईत आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. वहिनींचे यजमान प्रकाशराव सॉफ्टवेअरमध्ये होते. सकाळी कावासाकीच्या ऑफिसला जात ते अंधार पडल्यावर परतत, आणि बोलत जवळजवळ नसत. घरात बोलायचं काम वहिनींकडे होतं. मुलगी रेवा तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. आई मराठीत विचारायची, ती जपानीत उत्तर द्यायची.

वहिनी मूळच्या कोल्हापूरच्या. तिथे पेठापेठांत फुटबॉल चालतो आणि पेठेची टीम हरली की घरात चूल थंड राहते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांचे दोघे भाऊ तालमीच्या टीममधून खेळायचे. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशा त्याही "मी आलो, मी सांगतो" असंच बोलायच्या. आमच्याकडच्या दिवाळीच्या कार्यक्रमात पुण्याच्या दोघीतिघी एकमेकींकडे बघून हसल्या, तेव्हा वहिनी त्यांच्यासमोरच म्हणाल्या, "हसा. मी पंतप्रधानांसमोरबी असाच बोलणार." त्यानंतर कुणी हसलं नाही.

आमची लीग शॉन नावाच्या एका आयरिश शिक्षकाने सुरू केली होती. त्याच्या जिल्ह्यात म्हणे खेड्याखेड्यांची अशी लीग होती. शेतात सामने, आधी गाई हाकलायच्या, मग खेळायचं, आणि शेजारच्या गावाकडून हरलं तर वर्षभर बाजारात तोंड दाखवायचं नाही. वहिनींना हे ऐकून भारी आनंद झाला. "म्हणजे आमचं कोल्हापूरच की," त्या म्हणाल्या. छापखान्यातले कामगार, भाजीच्या घाऊक बाजारातली माणसं, इंग्रजी शिकवणारे परदेशी मास्तर आणि आम्ही भारतीय इंजिनिअर-बँकवाले, अशा टीम होत्या. पंच मिळत नसत. एका रविवारी वहिनींनी शॉनच्या हातातली शिट्टी मागून घेतली, ती परत दिलीच नाही. शॉन मायदेशी जाताना लीगच त्यांच्या हवाली करून गेला. जपानी लोकांना 'साळोखे' म्हणता येईना, म्हणून त्या सगळ्यांच्या 'सारोके-सान' झाल्या.

मग २०११ चा तो मार्च आला. भूकंपाच्या दुपारी आमची इमारत बोटीसारखी डोलली, पण उभी राहिली. पुढच्या दिवसांत खरी पळापळ झाली. अणुभट्टीच्या बातम्या, कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानांतली रिकामी फडताळं, भारतातल्या चॅनेलांवरचा आरडाओरडा. आमच्या इमारतीतली अर्धी मराठी घरं आठवड्याभरात बंद झाली. प्रकाशरावांच्या कंपनीनेही तिघांची तिकिटं काढली. वहिनींच्या सासऱ्यांनी फोनवर हुकूम सोडला की सगळ्यांनी निघायचं.

वहिनींनी नवऱ्याला आणि मुलीला विमानतळावर पोचवलं आणि एकट्या परत आल्या.

यावर आमच्या लोकांत काय काय बोललं गेलं, ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. पोटची पोर पाठवून आई फुटबॉलसाठी मागे राहिली, हे त्यातलं सौम्य. त्याच आठवड्यात मुंबईला गेलेल्या माझ्या बायकोने तिथून फोन करून त्यांना सरळच विचारलं. वहिनी चिडल्या नाहीत. "पोरीला आजीकडं धाडलोय, वाऱ्यावर सोडलो न्हाई," त्या म्हणाल्या. "पोर लहान हाय, तिनं जायलाच पायजे. मी कशाला जाऊ? इतकी वर्षं ह्या लोकांचं खाल्लो. हादरा बसला की उठून पळायचं, हे मला जमणार न्हाई."

एप्रिलमध्ये लीगची बैठक झाली. अध्यक्ष मोरिता-सान छापखान्याचे मालक, साठी ओलांडलेले, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ. त्या वसंतात सगळ्या देशाने करमणूक आवरती घेतली होती. चेरीच्या झाडांखालच्या मेजवान्यासुद्धा लोकांनी रद्द केल्या होत्या. याला ते 'जिशुकु' म्हणतात, स्वतःहून पाळलेला संयम. मोरिता-सान म्हणाले की ईशान्येकडे माणसं अजून ढिगाऱ्याखाली आहेत, बाजाराच्या टीमचा गोलकीपर ओनो-सान तिकडचाच, त्याचा भाऊ बेपत्ता आहे. अशा वेळी चेंडू लाथाडणं शोभत नाही. हंगाम इथेच संपवावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

वहिनींनी विचारलं, "ओनोला कुणी विचारलंय का?"

कुणी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कसं? ओनो गावाकडे भावाला शोधून, हात हलवत परतला होता आणि बाजारातली माणसं त्याला जपायचं म्हणून त्याच्याशी बोलायचंच टाळत होती.

दुसऱ्या दिवशी वहिनी मला घेऊन त्याच्याकडे गेल्या. बाजारामागच्या एका खोलीत तो राहत होता. तिशीचा, खांद्याने रुंद, एरवी गोलमधून सगळ्यांवर ओरडणारा. त्याने चहा ठेवला आणि खाली बघत बसला. वहिनींचं जपानीही कोल्हापुरीच होतं. आडवळण त्यात नव्हतं. त्यांनी पहिल्याच वाक्यात विचारलं, भाऊ सापडला का?  ओनो म्हणाला, नाही. मग त्यांनी भावाचं नाव विचारलं, तो काय करायचा ते विचारलं. ओनो हळूहळू बोलू लागला. भाऊ मासेमार होता. त्सुनामीची लाट येतेय कळल्यावर तो बोट वाचवायला बंदराकडे गेला. हे त्याने टोकियोत कुणाला पहिल्यांदाच सांगितलं असावं. बराच वेळ तो बोलत होता.

निघताना वहिनी म्हणाल्या, "लोक म्हणत्यात तुझ्यासाठी खेळ बंद ठेवावा. तुला नको असला तर ठेवतो. पण तुला न विचारता तुझ्या नावानं काही बंद करणार न्हाई."

ओनोने कप खाली ठेवला. "सामना कुणाशी आहे?" त्याने विचारलं.

मोरिता-सानांना हे सांगायला त्या त्याच संध्याकाळी छापखान्यात गेल्या. ते पुन्हा शोभण्या-न शोभण्याबद्दल बोलू लागले. वहिनींनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की ओनो खेळायला येतोय, त्याला घरी जा म्हणून तुम्ही सांगा, मी सांगणार नाही. यंत्रं बंद होती. मोरिता-सानांनी शाईचे हात फडक्याला पुसले. मग त्यांनी विचारलं, गोलच्या जाळ्या किती वाजता लावायच्या?

मेमध्ये नदीकाठची मैदानं उघडली आणि पहिला सामना झाला. परदेशी मास्तरांची टीम जवळजवळ संपली होती, आमचे निम्मे भारतात होते. उरलेल्यांची आणि छापखान्यातल्या काही पोरांची मिळून एक टीम केली. दुसऱ्या बाजूला बाजारवाले. बांधावरून सायकलने चाललेले एक आजोबा थांबले आणि अशा दिवसांत खेळ सुचतात कसे, लाज वाटत नाही का, असं वरूनच म्हणाले. आमचे जपानी खेळाडू एकदम खाली बघू लागले. वहिनी बांध चढून वर गेल्या, आजोबांना कमरेत वाकून नमस्कार केला आणि काहीतरी बोलल्या. आजोबांनी सायकल स्टँडवर लावली आणि तिथेच गवतावर बसले. काय सांगितलंत, मी नंतर विचारलं. "गोलमधे कोण उभा हाय ते सांगितलो," त्या म्हणाल्या. "माफी मागितलो न्हाई."

उत्तरार्धात छापखान्याच्या एका पोऱ्याने लांबून साधा चेंडू मारला. ओनो असला चेंडू झोपेतही अडवायचा. तो त्याच्या हातांतून निसटून जाळीत गेला. ओनो चेंडूपाठोपाठ पडला आणि उठलाच नाही. तोंड मातीत, खांदे हलत होते. आम्ही सगळे जिथे होतो तिथे गोठलो. कुणी जवळ जाईना, कुणाला दूर बघता येईना.

वहिनी त्याच्यापाशी गेल्या. त्याला हात लावला नाही. शेजारी गवतावर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "पड. घाई न्हाई. आम्ही थांबतो."

आधी मोरिता-सान बसले. मग एकेक करून आम्ही सगळेच खाली बसलो, आपापल्या जागी. गोल मारणारा पोऱ्या रडत होता. नदीवरून मालवाहू पडाव गेला. वरच्या पुलावरून एक आगगाडी गेली, दुसरी गेली. शेवटी ओनो उठला, तोंडावरची माती पुसली, जाळीतला चेंडू काढला आणि मधल्या रेषेकडे लांब फेकला. वहिनी उठून मागे सरकल्या, शिट्टी वाजली आणि सामना पुढे सुरू झाला. त्या हंगामातला एकही रविवार मग चुकला नाही.

वहिनींना याची किंमत द्यावी लागली. प्रकाशराव रेवाला घेऊन पावसाळ्याच्या अखेरीस परतले तेव्हा मुलगी आईशी बोलेना. मराठीत नाही आणि जपानीतही नाही. आई आपल्यापेक्षा चेंडूवर जास्त माया करते, असं तिला तिकडे कुणीतरी सांगितलं होतं. वहिनींनी तिची मनधरणी केली नाही आणि झाल्याबद्दल हळहळही केली नाही. रोज डबा भरला, वेणी घातली, आणि रविवारी मैदानावर जाताना दारात उभं राहून विचारलं, येतीस? रेवा मान फिरवायची. त्या महिन्यांत त्यांचे डोळे खोल गेलेले मी पाहिले. एकदाच त्या म्हणाल्या, "मला ती हवीय भावजी. पण चुकलो असं खोटं बोलून नको."

पुढच्या वर्षी कधीतरी रेवा येऊ लागली. बांधावर लांब बसायची, पुस्तक उघडून.

लीग वाढली. गेलेले परतले, नवे आले. वहिनी तशाच राहिल्या. मोठ्या हुद्द्याच्या माणसालाही त्या लाल कार्ड दाखवत आणि सोमवारी लिफ्टमध्ये भेटल्यावर त्याची चौकशी करत. पाच-सहा वर्षांनी प्रकाशरावांचं कंत्राट संपलं, पुण्याला परतायचं ठरलं. त्यांचा शेवटचा रविवार आणि लीगमधला निर्णायक सामना नेमका एकाच दिवशी आला. आमच्या भारतीय टीमने कधीच करंडक जिंकला नव्हता. त्या दिवशी आम्ही बाजारवाल्यांशी बरोबरीत होतो, आणि गुणांच्या हिशेबात करंडकासाठी बरोबरी आम्हाला पुरेशी होती. सामना संपत आला असताना आमच्या गोलसमोर गर्दी झाली आणि वहिनींनी शिट्टी मारून पेनल्टी दिली. आमचा कप्तान अभय कुलकर्णी याच्या हाताला चेंडू लागला, असं त्यांचं म्हणणं. गर्दीत आम्हाला कुणालाच काही दिसलं नव्हतं. पेनल्टीवर गोल झाला आणि करंडक गेला.

कुलकर्णी भडकला. जाता जाता आपल्याच माणसांचं वाटोळं केलंत, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. मोरिता-सानांनी आणलेला फुलांचा गुच्छ तसाच खुर्चीवर राहिला. वहिनी म्हणाल्या, "आपली हायती म्हणून काय चेंडूचा रंग बदलतोय?" एवढंच. रेवा बांधावरून खाली उतरून आली. ती आता आईपेक्षा उंच झाली होती. तिने कुणाकडेही न बघता आईची पिशवी खांद्यावर घेतली, गुच्छ उचलला आणि आईच्या शेजारून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कसाई स्टेशनवर निरोपाला मोरिता-सान आले होते, ओनो आपल्या बायकोला घेऊन आला होता, बाजारातली बरीच मंडळी होती. आमच्या टीमचा मी एकटाच. गाडीची वेळ होत आली तेव्हा जिन्याने कुलकर्णी धापा टाकत वर आला.  प्रकाशरावांच्या हातातली जड बॅग त्याने घेतली, फलाटाच्या कडेपर्यंत नेऊन ठेवली आणि वहिनींसमोर उभा राहिला.

"हाताला लागला होता, वहिनी," तो म्हणाला.

"म्हाईत हाय," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर शिट्टी मारलो."