घासून पुसलेलं साल

फिटर आठ वर्षांचा असताना बापाने त्याचा पंजा जेवणाच्या टेबलावर दाबून धरला आणि बोटांच्या फटींतून सुरा नाचवला. तीन फेऱ्या निभावल्या. चौथ्या फेरीला करंगळीचं टोक उडालं. पोराने टाहो फोडला, तशी बापाने वर एक कानफटात ठेवून दिली.

"या पात्याने लढाईत तिघांची पोटं फाडलीत मी. तुझं नखभर गेलं तर केवढा तमाशा."

बापाला सगळी गल्ली कॅप्टन म्हणायची. सुरा आघाडीवरून आणलेला, असं ते सांगत. भाजीत मीठ कमी पडलं की तो म्यानातून निघायचा आणि आईच्या गळ्याला लागायचा. आई मान न हलवता उभी राहायला शिकली होती.

अशा पोराने मोठेपणी सुऱ्यांचं नाव काढलं नसतं. झालं उलटंच. कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि पहिल्याच महिन्यात भंगारबाजारातून एक गंजका फौजी सुरा घेऊन आला. मग दुसरा. पंचवीस वर्षांत साठ झाले. बायको म्हणायची, "भिंतीवर साठ सुरे, आणि कांदा चिरायला एक धड नाही." लांबलांबून लोक आपला सुरा दाखवायला यायचे. लढाईतला कुठला आणि नंतर त्याच घडणीवर काढलेला कुठला, हे फिटर बघता बघता सांगायचा. लढाईच्या घाईत पातं ओबडधोबड घासलेलं असायचं आणि म्यान सुती दोऱ्याने शिवलेलं. नंतरच्या मालाला सफाई आली, दोरा नायलॉनचा झाला, मुठीजवळच्या आडव्या पट्टीवर सालाचा ठसा आला. कितीतरी लोकांचा आजोबांबद्दलचा अभिमान त्याने एका वाक्यात उतरवला होता.

एकच सुरा त्याच्या हाती कधी लागला नव्हता. कॅप्टन तो उशाला घेऊन झोपत.

एके दिवशी दुपारी आई कारखान्याच्या फाटकाशी आली. काखेत टॉवेलचं गाठोडं. "ते डोळे तपासायला गेलेत," ती म्हणाली. "बघ एकदा काय आहे ते."

फिटरने म्यानाच्या शिवणीतून दोऱ्याचं टोक ओढून काडीने पेटवलं. सुती दोऱ्याची राख झाली असती. याचा वितळून काळा मणी झाला. पण म्यान काय, बदलताही येतं. आडव्या पट्टीवर एक जागा कानसीने घासलेली होती. त्याने तिथे तेजाबाचे दोन थेंब टाकले. ठसा मारताना लोखंड आतपर्यंत दबतं. वरून कितीही घासा, तेजाब ते उघडं पाडतं. हळूहळू चार आकडे दिसू लागले. लढाई संपल्यावर नऊ वर्षांनी काढलेला सुरा होता तो.

"आई, हा लढाईतला नाहीच."

"ते तरी कुठे लढले? कोठारात घोंगड्या मोजत होते. हा सुरा तू पाळण्यात असताना बाजारातून आणला."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"मानेवर पातं असताना ते कुठल्या सालचं हे कोण विचारतं?"

फिटर सुरा घेऊन तिच्याबरोबर घरी गेला. कॅप्टन परत येऊन उशी उलटीपालटी करत होते. त्याने सुरा टेबलावर ठेवला आणि साल सांगितलं. कॅप्टननी आधी ते उजळलेले आकडे पाहिले, मग बायकोकडे. पुढच्या क्षणी सुरा त्यांच्या हातात होता आणि ते तिच्याकडेच वळले होते.

फिटर मध्ये पडला. पात्याने त्याचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला. त्याने म्हाताऱ्याचं मनगट धरून दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा. हाड मोडल्याचा आवाज आला, सुरा खाली पडला, तरी तो आपटतच राहिला. मग मुठींनी तोंडावर मारलं. म्हाताऱ्याचा दात तुटून फिटरच्या बोटात रुतला. आईने त्याला मागून मिठीत आवळलं.

"पुरे. मेले तर तू तुरुंगात जाशील, आणि मला यांचं सुतक पाळावं लागेल."

तो थांबला आणि जमिनीवर बसला.

दवाखान्यात बापलेकाला शेजारशेजारच्या खाटांवर टाके घातले. पोलिसांना आईने काहीएक न लपवता सगळं सांगितलं, पस्तीस-चाळीस वर्षांमागचंसुद्धा. खटला रेंगाळला, म्हाताऱ्याच्या वयाकडे बघून समज देऊन सोडलं. आई त्याच आठवड्यात फिटरकडे राहायला आली आणि त्या घरात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

कॅप्टनचं मनगट वाकडंच जुळलं. शर्टाची बटणं लागेनात, वस्तरा धरता येईना. शेवटची तीन वर्षं फिटर दर रविवारी सकाळी जाऊन त्यांची दाढी करायचा. कशासाठी, ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही. विचारलं तर "वाढते म्हणून" म्हणायचा. वस्तरा गळ्याशी आला की म्हातारा श्वास रोखून धरायचा आणि डोळे मात्र मिटायचा नाही. फिटर घाई करत नसे.