गिधाडाच्या जागी मोर

सांगोल्याच्या माळावर मेलेली मेंढी खाऊन झाल्यावर गिधाड डबक्यात आंघोळ करून आलं आणि पंख पसरून उन्हात वाळत बसलं. उघडी मान, गळ्याभोवती पांढरी झालर, शांत डोळे. तसंच मी ते रंगवलं. पक्ष्यांच्या चित्रांवरच पोट भरणारा मी, पण याहून चांगलं चित्र माझ्या हातून झालेलं नाही.

सोलापुरातल्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आत्या कडाडली, "घरावर गिधाड बसलं तर शांती करत्यात, आन् तू भिंतीवर बसवलंस व्हय रं?"

कसली शांती आणि कसलं काय! पण मी चित्र पलंगाखाली सारलं आणि बाजारातला छापील मोर खिळ्याला अडकवला.

जेवून ढेकर देणारे पाहुणे मोरासमोर थांबले. "तुमीच काढलाय न्हवं? लई भारी हाय की!"

"व्हय," मी म्हणालो.