बाबांचा पाय, शेवंतीचं वावर

हायल्यूरोनान म्हटलं की आमच्या नातेवाइकांत एकच प्रश्न, "ते चेहऱ्याच्या क्रीममधलं का वं? दे ना एखांदी डबी!" डोकंच फिरतं माझं. मी अमरावतीला एका प्रयोगशाळेत रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढवते. या पेशींवर एक बुळबुळीत थर असतो, पाणी धरून ठेवणारा, आणि त्यातला मोठा वाटा हायल्यूरोनानचा. वरून रक्त किती जोरानं चाललंय, हे पेशीला त्याच्यामुळेही कळतं. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की हा थर झिजतो, बारीक वाहिन्या पाझरायला लागतात, जखमा लवकर भरत नाहीत.

हे सगळं ज्यांना पटवायचं होतं ते माझे बाबा वलगावला शेवंती लावतात. त्यांची साखर जुनी, तळव्यांना धड काही कळत नाही, आणि वावरात शिरताना चपला मात्र धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काढलेल्या. आमच्याकडे देवाच्या फुलांत कोणी चपला घालून जात नाही.

"बाबा, काटा रुतला त तुमाले समजन तरी का?"

"देवाचं फूल हाय, बाई. आन् तू काहून बोलून राहिली? तुह्या त्या पेशींच्या खोलीत मले चपला काढायले कोनं लावल्या?"

मीच लावल्या होत्या. आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी आणलेले बूट खाटेखाली गेले आणि त्यांच्या खोक्यात आईनं कोथिंबिरीचं बी भरलं. भांडून भांडून माझा घसा बसला, बाबा काही बधले नाहीत.

व्हायचं तेच झालं. कुंपणाच्या बाभळीचा काटा रुतला, बाबांना पत्ताच नाही. फरशीवर रक्ताचे डाग दिसले ते आईला. जखम चिघळत गेली. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, पायाची करंगळी काढू या, नाहीतर पाऊल जाईल.

ऑपरेशनला नेण्याआधी बाबांनी मला जवळ बोलावलं. "बाई, तू जे करून राहिली ना इतके वर्षं, त्यातलं माह्या पायाले काई लागू पडते का?"

"नाई बाबा. अजून नाई."

"होईन, होईन," असं म्हणून ते माझ्याच पाठीवरून हात फिरवत राहिले. मला त्यांचा राग आला, माझा आला, देवाचा तर फारच आला.

करंगळी गेली, पाऊल वाचलं. घरी आल्यावर बाबांनी आपणहून खाटेखालून बूट काढले, पुसले आणि घातले. मी आईला म्हटलं, "पाह्य, आयकलं का नाई शेवटी!" खरं सांगते, त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दसऱ्याच्या तोंडावर देवळाचे हार करणारे काका नेहमीसारखे फुलं सांगायला आले. बाबांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "औंदा माह्या वावरातलं फूल देवाले नोका नेऊ. मी सारं लग्नाच्या हॉलले देऊन राहिलो."

"काहून, भाऊ?"

"बुटानं फिरतो ना मी त्यात."

देवाला एवढं कळत असेल, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण बाबांनी मला विचारलंच नव्हतं. चहा झाल्यावर ते काकांना शेजाऱ्याची शेवंती दाखवायला घेऊन गेले. काका चपला काढून आत शिरले. बाबा बूट घालून धुऱ्यावरच उभे राहिले आणि तिथूनच हात करून सांगत होते, तिकडची घ्या, तिकडं चांगली फुलली. मी घरात आले आणि ढसाढसा रडले.